माझी भूमिका, विंगेतून

डिसेंबर लागला की समोरच्या शाळेत संमेलनाच्या तालमी सुरू होतात. आमचं घर शाळेच्या पटांगणाला लागूनच, दुसऱ्या मजल्यावर. दुपारी जरा आडवं व्हावं तर तिकडून बाईंचा आवाज येतो, "अगं, लोकांकडे तोंड करून बोल ना! पाठ कसली दाखवतेस?" मग पेटीचा एक सूर, पोरींचं खिदळणं आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. अंधेरीत थंडी म्हणावी अशी पडतच नाही. पहाटे पायाशी चादर ओढून घ्यावीशी वाटते, एवढंच. पण ते आवाज ऐकताना मला मात्र थंडी वाजते. कोळशाच्या धुराचा वास असलेली, हातमोज्यातून बोटांच्या पेरांत शिरणारी ती थंडी मी एकाच हिवाळ्यात भोगली. त्याला आता किती वर्षं लोटली! तरी ती जात नाही.

मी शिक्षणशास्त्राच्या पदविकेसाठी इंग्लंडला गेले ते पन्नासच्या दशकात. आमच्या मुलुंडमधून परदेशी शिकायला जाणारी मुलगी त्या वेळी नवलाचीच. मुलुंड तेव्हा अगदी गावासारखं होतं. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला मिठागरं, स्टेशनाबाहेर दोन-चार टांगे. पावसाळ्यात आमच्या अंगणात बेडूक यायचे आणि त्यांच्यामागे साप. वडील मी लहान असतानाच गेले. घरात आई, मी आणि दादा. दादाचं नाव भास्कर. त्यानं कॉलेज सोडून भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी धरली म्हणून मी शिकले. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आईनं मात्र रोज दाखवलं.

दादाचा जीव नाटकात. गणपतीत आमच्या आळीच्या मंडळाचं नाटक तोच बसवायचा, मुख्य कामही तोच करायचा. कारखान्यातून आला की हातावरचा रंग रॉकेलनं पुसायचा, चहा प्यायचा आणि वही घेऊन बसायचा. नाटकातल्या बायकांची कामं करायला गिरगावातून नटी बोलवत. आळीतल्या मुलींनी रंगमंचावर उभं राहायचं नाही, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मला नाटकात एकच जागा होती, ती विंगेत. मी प्रॉम्प्टर. उजव्या विंगेत एका खोक्यावर बसून मी सगळ्या पात्रांची वाक्यं तोंडातल्या तोंडात म्हणायची आणि कोणी अडखळलं की पुढचा शब्द टाकायची. दादा कधीच अडखळायचा नाही. मी त्याच्याकडे नुसती बघत राहायची.

एका नाटकात तो बाप झाला होता. मुलगा बुडाल्याची बातमी घेऊन माणूस येतो, असा प्रवेश. मंडळातले सगळे म्हणाले, "भास्कर, इथं हंबरडा पाहिजे. बायका रडल्या पाहिजेत." दादानं हंबरडा फोडला नाही. बातमी येते तेव्हा तो वाळलेल्या धोतराची घडी घालत होता. तो ती घालतच राहिला. कडेला कड जुळवली, हातानं सुरकुती काढली, पुन्हा उलगडलं, पुन्हा जुळवली. मांडवात पत्र्यावर पावसाचा आवाज होता तेवढाच. मग कोणीतरी हुंदका दिला, आणि पाठोपाठ सगळ्या मांडवाला रडू फुटलं. मी विंगेत वही मिटून बसले होते. पान कोणतं, हेही मला कळत नव्हतं.

इंग्लंडमधलं माझं विद्यापीठ उत्तरेकडच्या एका काळवंडलेल्या शहरात होतं. आसपास कोळशाच्या खाणी. दुपारी चारला दिवे लागायचे, आणि धुक्यात ते दिवे ओल्या कापसात गुंडाळल्यासारखे दिसायचे. पहिले काही आठवडे मी वर्गातून खोलीत आणि खोलीतून वर्गात, एवढंच केलं. माझ्याशी सगळे नीट वागायचे आणि कोणी बोलायचं नाही. मग एका संध्याकाळी विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळाची पाटी पाहून मी आत शिरले. मोठं सभागृह, ओल्या लोकरीच्या कोटांचा वास, कोपऱ्यात कॉफीची किटली. खुर्चीवर उलटी बसून एक उंच, चेहऱ्यावर ठिपके असलेली मुलगी पेन्सिल चावत होती. ती मार्गारेट. नाटक तीच बसवत होती.

"तुला काय करायचंय?" तिनं विचारलं.

"मागे बसून वाक्यं सांगायची. कोणी विसरलं तर."

ती हसली. "हे काम कोणी आपणहून मागत नाही."

नाटक त्यांच्यातल्याच एका विद्यार्थ्यानं लिहिलेलं होतं. खाणीत माणसं अडकली आहेत आणि एका घरात बायका वाट पाहत बसल्या आहेत, एवढंच त्याचं कथानक. त्यातल्या म्हाताऱ्या आईचं काम कोणाला नको होतं. मुलींना तरुण दिसायचं होतं, आणि त्या म्हातारीला वाक्यंही थोडीच. "कोणी मिळेपर्यंत तिची वाक्यं तू वाच," मार्गारेट म्हणाली. मी खुर्चीवर बसून वाचायला लागले. चार-पाच तालमींनंतर तिनं मला उभं केलं. मग माझ्या हातात बटाट्यांची टोपली दिली, कारण त्या घरात त्या वेळी स्वयंपाक चाललेला असतो. म्हातारीसाठी दुसरं कोणी शोधणं तिनं कधी थांबवलं, मला कळलंसुद्धा नाही.

"पण माझे उच्चार?" मी म्हटलं.

"कुठल्याही गावात एक म्हातारी अशी असतेच, जिचे उच्चार बाकीच्यांसारखे नसतात," ती म्हणाली. "बोल तू."

पहिल्यांदा दिव्याखाली उभी राहिले तो क्षण मला शरीरानंच आठवतो. विंगेतला माणूस अंधाराला सरावलेला असतो. त्याला सगळे दिसतात, तो कोणाला दिसत नाही. इथं चेहऱ्यावर ऊन पडावं तसा उजेड पडला. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा मला ऊब लागली. आणि मला वाटलं, अरे, दादा रोज इथं येत होता! मला कधी सांगितलं नाही त्यानं, इथं ऊन असतं म्हणून.

खाणीतून मेलेल्यांची नावं येतात, तेव्हा म्हातारीनं काय करायचं, ते नाटकात लिहिलेलं नव्हतं. मी बटाटे सोलत राहिले. एका सालीचा पापुद्रा न तुटता लांब निघत गेला, तो मी जपून टोपलीत ठेवला, दुसरा बटाटा घेतला. तालीम संपली. मार्गारेट जवळ आली.

"हे कुठं शिकलीस?"

"मुलुंडला."

"तिथं नाट्यशाळा आहे?"

"नाही. तिथं माझा दादा आहे."

प्रयोग तीन झाले. शेवटच्या दिवशी खाणीच्या वस्त्यांतली माणसंही आली होती. पडदा पडल्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक वयस्क बाई आत आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. तिचे हात भाकरीसारखे खरखरीत होते. "तुझं कोण गेलं, पोरी?" तिनं विचारलं. मी गोंधळले. वडील गेले होते खरे, पण मला ते आठवतच नव्हते. मी म्हटलं, "कोणी नाही." ती म्हणाली, "असं होणार नाही. कोणाचं तरी आहे हे." मी खरं तेच सांगितलं, "माझ्या भावाचं." तिनं माझं कपाळ जवळ ओढून घेतलं, पुटपुटत काहीतरी म्हटलं आणि डोळे पुसत निघून गेली. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, तिला वाटलं असणार माझा भाऊ मेला. मी दारापर्यंत धावले, पण ती गर्दीत मिसळून गेली होती. त्या रात्री मी देवाला हात जोडून दादासाठी दहादा आयुष्य मागितलं, आणि स्वतःशीच हसलेही.

उन्हाळ्यात मंडळातले काहीजण ते नाटक घेऊन गावोगाव फिरणार होते. मार्गारेटनं मला थांबायला सांगितलं, फार आग्रह केला. मी नाही म्हटलं. भीती नव्हती, ओढ होती. मला हे मुलुंडला करायचं होतं, आमच्या मांडवात, दादाच्या समोर उभं राहून. "तिथं करशील ना नक्की?" तिनं विचारलं. "म्हणजे काय! करणारच," मी म्हटलं. इतकं ठामपणे मी आयुष्यात फार थोडी वाक्यं बोलले आहे.

बोट लागली तेव्हा बॅलार्ड पिअरवर दादा आला होता. मला पाहून आधी म्हणाला, "वाळलीस की गं," आणि मग लगेच, "ते पत्रात लिहिलेलं बटाट्याचं करून दाखव बघू." घरी पोचल्यावर आईनं दृष्ट काढली, मी अंघोळ केली आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून दादाला ते करून दाखवलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. संपल्यावर म्हणाला, "चोर! हे माझं धोतर आहे." मग जरा थांबून म्हणाला, "पण तू माझ्यापेक्षा बरं करतेस." आई म्हणाली, "सोललेत ना, मग भाजीच टाकते आता."

त्या वर्षी दादानं नाटक स्वतः लिहिलं. एका घरातले भाऊ-बहीण. आईमागे घराचं काय करायचं यावरून त्यांचं बिनसतं आणि शेवटी बहीण घर सोडून जाते. भाऊ तो आणि बहीण मी. आळीत कुजबुज झाली, पण मी विलायतेहून आलेली, त्यामुळे कोणी तोंडावर बोललं नाही. श्रावणात तालमी सुरू झाल्या. आमच्या पडवीतच करायचो. बाहेर डोंगरावर ढग उतरलेले, अंगणात तेरडा फुललेला, आई आतून "हळू ओरडा, शेजारी ऐकतील," म्हणतेय, आणि आम्ही दोघं भांडतोय. खोटं भांडण, पण काय रंगायचं! लहानपणापासून न भांडलेलं सगळं त्या नाटकात भांडून घेतलं आम्ही. दादा मध्येच थांबायचा. "वसू, तू ते वाक्य म्हणतेस ना, तेव्हा मला खरंच तुझा राग येतो." "मग येऊ दे की!" "येऊ दे तर. झकास येतोय."

माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कोणते, असं कोणी विचारलं तर मी लग्नाचे सांगेन, मुलीच्या जन्माचे सांगेन. सांगायचे असतात ते. पण मनात पहिली येते ती ती पडवी.

त्याच महिन्यात मला सांगून आलं. मुलगा अंधेरीचा, सरकारी कचेरीत चांगल्या जागेवर. नाव माधव. माणसं येऊन पाहून गेली, पसंती कळवली. साखरपुडा गणपतीनंतर. आई हरखून गेली. मग एक दिवस शेजारच्या काकू आल्या आणि पदर सावरत आईला म्हणाल्या, "मुलगी नाटकात उभी राहणार, हे सासरच्यांना सांगितलंयत ना हो? नाही म्हणजे, नंतर कळलं तर..." एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलंच नाही. ते आईनं चार दिवस रडून पुरं केलं.

पाचव्या दिवशी दादा कारखान्यातून आला आणि रॉकेलचा बोळा घेऊन पडवीत बसला. बोटं पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाला, "वसू, उद्यापासून तू मागे बस."

मला आधी कळलंच नाही. "मागे म्हणजे?"

"विंगेत. गिरगावातून बाई बोलावलीय. हुशार आहे. वही दिली की चार दिवसांत उभी राहील."

"हे आई म्हणते की तू म्हणतोस?"

"मी म्हणतो."

"दादा, मी तिकडे केलं. एवढ्या लोकांसमोर केलं."

"तिकडे तुला कोण ओळखत होतं?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, हीच अडचण होती. "हे स्थळ मोडलं तर लोक मला विचारतील, बाप नसलेल्या पोरीचं भावानं काय केलं. मी काय सांगू?"

त्याच्याशी भांडायला माझ्याकडे पुष्कळ वाक्यं होती. महिनाभर तेच तर करत होतो. पण ती सगळी त्यानंच लिहिलेली होती आणि आता त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. त्याच्या नखांत हिरवा रंग अडकलेला होता, तो निघत नव्हता. मी आत जाऊन पिन आणून दिली.

गिरगावातून आलेल्या शालिनीबाई खरंच हुशार होत्या. मला त्यांचा राग करायचा होता, तोही करता आला नाही. तालमीला दोन दिवस झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, तुमचं सगळं पाठ आहे. हातवारेसुद्धा. मग तुम्ही का नाही हो?" मी म्हटलं, "माझं लग्न ठरलंय." त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

प्रयोग आरतीनंतर सुरू झाला. मांडव गच्च भरलेला. मी उजव्या विंगेत, त्याच खोक्यावर. नाटक चढत गेलं आणि शेवटचा प्रवेश आला. बहीण दारात उभी आहे, निघाली आहे, आणि भाऊ तिला म्हणतो, "जाऊ नको म्हणायला मला जमत नाही, म्हणून काय तू खरंच जाणार?" तालमीत दादा हे वाक्य खाली बघून म्हणायचा. त्या दिवशी त्यानं मान वर केली आणि सरळ विंगेत पाहिलं, माझ्याकडे. ते वाक्य त्यानं मला म्हटलं. लोकांना ते कळलं नसावं. शालिनीबाईंना कळलं. त्या त्याच्या आणि माझ्या मध्ये उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केल्यासारखं केलं आणि दोन पावलं बाजूला झाल्या. आता मध्ये कोणी नव्हतं. उत्तराचं वाक्य माझ्या ओठांवर आलं, मी ते म्हटलंही, पण आवाज शालिनीबाईंचा ऐकू आला. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टाळ्या थांबेनात. दादाचं ते काम आळीत पुढे किती वर्षं लोक आठवत होते.

रंग पुसताना शालिनीबाई म्हणाल्या, "ताई, आज काम तुम्हीच केलंत. मी नुसती उभी होते." मी हसले. दादा आमच्याजवळ आला नाही. त्यानं त्यानंतर नाटकही बसवलं नाही. "कारखान्यात पाळी बदलली," असं सांगायचा. मीही तेच धरून चालले.

माझं लग्न झालं, अंधेरीला आले. शाळेत नोकरी लागली. संमेलनातली नाटुकली बसवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मार्गारेटकडून नाताळला कार्ड यायचं, "तिकडे काय करतेस सध्या?" म्हणून. मी मुलांच्या नाटुकल्यांबद्दल लिहायची, आणि ते खोटं नसे. पुढे कार्डं थांबली. मुलांना मी एकच सांगायची, ओरडून रडू नका, हातात काही काम असेल तर ते करत राहा. मुलं अर्थातच ओरडून रडायची.

मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका संमेलनाला माधव आला. घरी चालत येताना म्हणाला, "छान बसवतेस गं. कुठं शिकलीस हे?" आणि मी, का कोण जाणे, सगळं सांगितलं. इंग्लंड, बटाटे, पडवी, शालिनीबाई. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि मी त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं. तो ऐकत राहिला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला.

"पण माझी हरकत होती, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"सगळे तसं समजून चालले."

"मला विचारायचं की!" तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "मी आलो असतो बघायला. अंधेरीहून मुलुंड काय लांब आहे? दादरला गाडी बदलली की झालं. आणि माझी आई? तिनं तर पहिली खुर्ची धरली असती. नाटकं बघण्यातच तर गेलं तिचं बालपण."

एखाद्याला दुष्ट ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं. काकू वाईट नव्हत्या, आई तर नव्हतीच. दादानं जे केलं ते माझ्यासाठी केलं. ज्या माणसाच्या भीतीनं केलं, तो माणूस भाजीची पिशवी घेऊन माझ्या शेजारी उभा होता आणि हळहळत होता. एक प्रश्न विचारायचा राहिला होता. आणि त्याचं उत्तर होकारार्थी होतं.

वाटतं, तेव्हा तरी काय उशीर झाला होता? अंधेरीतही हौशी मंडळं होती. माधव म्हणालाही, "आता कर." एकदा गेलेही मी एका तालमीला, दारातून परत आले. समोरचं वाक्य म्हणायला तिथं दादा नव्हता. परक्या देशात परक्या माणसांसमोर जे जमलं, ते इथं जमेना. मार्गारेटबरोबर गावोगाव गेले असते तर, असंही कधीतरी मनात येतं. पण खरी चुटपुट ती नाही. ती त्या मांडवातल्या एका प्रवेशाची आहे, जो आम्ही दोघांनी पडवीत इतका घोटला आणि एकमेकांसमोर उभं राहून कधीच केला नाही.

माधवचं ते बोलणं मी दादाला सांगितलं नाही. कितीदा ओठांवर आलं. भाऊबीजेला ओवाळताना, आईच्या बाराव्याला, त्याच्या मुलाच्या लग्नात. प्रत्येक वेळी गिळलं.

दादाला शेवटी शेवटी दम लागायचा. रंगाच्या वाफांनी छाती गेली, असं डॉक्टर म्हणाले. अशाच एका डिसेंबरात मी मुलुंडला गेले होते. तो उन्हात खुर्ची टाकून बसला होता. पडवी जाऊन तिथं इमारत झाली होती, पण ऊन तिथंच पडत होतं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो म्हणाला, "नाटक का सोडलं, तू कधी विचारलं नाहीस."

"पाळी बदलली म्हणालास ना."

"पाळी!" तो हसला, आणि हसताना खोकला. दम खाऊन म्हणाला, "तुला मागे बसवून पुढे उभं राहायला जमेना, वसू. एकदा राहिलो, तेवढं बास झालं."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बरगड्या हाताला लागत होत्या. तो माझ्याकडे बघत होता. रंगमंचावर जो एकदाही अडखळला नाही, तो आता पुढचा शब्द शोधत होता.

"पण तुझा संसार चांगला झाला ना? माधवराव चांगले निघाले. तेव्हा स्थळ मोडलं असतं तर... बरोबर केलं ना गं मी?"

"हो दादा," मी म्हटलं. "बरोबर केलंस. त्यांना मुळीच चाललं नसतं."

त्यानं डोळे मिटले. छातीचा भाता जरा संथ झाला. मग आत वहिनीला हाक मारून म्हणाला, "अगं, वसू केव्हाची आलीय. चहा टाक ना. आलं घालून."